आठवी ओळ

"डी, के, एच, ओ, एन, झेड."

कृतिका जगदाळेने तक्त्यावरची आठवी ओळ घडाघडा वाचून दाखवली. अडखळणं नाही, डोळे बारीक करणं नाही, मान पुढे काढणं नाही. तेही सहा मीटरवरून! सहा महिन्यांपूर्वी चष्मा काढला की या मुलीला ताट कुठे संपतं आणि भाकरी कुठे सुरू होते ते कळत नव्हतं. तिचे वडील, आप्पा, इथे असते तर मिशीला पीळ भरत बसले असते, असं तिच्या मनात आलं.

"अक्षरं स्पष्ट आहेत?" टेबलामागून कर्नल रूथ नागावकरांनी विचारलं. त्या डोळ्यांच्या डॉक्टर आणि वैद्यकीय मंडळाच्या प्रमुख. मूळच्या अलिबागकडच्या, मराठी अगदी स्वच्छ.

"एकदम ठसठशीत, मॅडम."

"मग पट्टी काढ आणि तक्त्यापाशी जाऊन बघ."

कृतिकाने मानेच्या वर, केसांखाली बसवलेली बोटभर रुंदीची पट्टी उचकटली. सगळी खोली धुक्यात गेली. भिंत चाचपत ती तक्त्यापाशी पोचली आणि नाक जवळजवळ टेकवूनच उभी राहिली. तिच्या डोळ्यांचा नंबर उणे आठ. पण अशा डोळ्यांना एक गंमत असते. चार बोटांवर धरलेली वस्तू त्यांना बिनचष्म्याची इतकी लख्ख दिसते की मुंगीचे पाय मोजावेत.

तक्ता कोरा होता.

"बदललात तुम्ही!" ती वळून म्हणाली.

"मी खुर्चीतून उठलेसुद्धा नाही. पट्टी लाव, आणि तिथूनच एकेक पाऊल मागे ये."

कृतिकाने पट्टी लावली. पहिल्या पावलाला तक्ता कोरा. दुसऱ्याला कोरा. चौथ्या पावलाला खालच्या बाजूला काहीतरी करडं हललं, आणि सहाव्या पावलाला आठवी ओळ सावकाश, एकेक अक्षर करत परत आली. तक्ता कोरा आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी अक्षरं तिथे होती, काळीभोर.

"मी खोटं बोलले नाही, मॅडम."

"तेच तर म्हणते मी. खोटं बोलली असतीस तर काम सोपं होतं."

आता ही पट्टी काय भानगड आहे ते सांगायला हवं. दोन हजार त्रेचाळीस साली ती अगदीच नवी होती. आपल्या प्रत्येक डोळ्यात एक जागा अशी असते की तिथे काहीच दिसत नाही. पण जगात भोक पडलेलं तुम्ही कधी पाहिलंय? नाही ना? मेंदू आजूबाजूचं बघून ती जागा आपल्या अंदाजाने भरून टाकतो, आणि भरल्याचं आपल्याला कळूही देत नाही. पट्टीवाल्यांनी हेच हेरलं. त्यांनी डोळ्याला हातच लावला नाही. डोक्याच्या मागच्या बाजूला, जिथे मेंदू पाहण्याचं काम करतो, तिथे पट्टी बारीक बारीक स्पंदनं पाठवते आणि मेंदूच्या अंदाजाला बळ देते. डोळ्यातून येणारं चित्र धूसरच राहतं, पण तीन महिन्यांच्या सरावाने मेंदू त्या धूसर चित्रातून नेमकी वस्तू ओळखायला शिकतो. मग ती ओळखलेली वस्तू माणसाला चक्क दिसते. शंभरातल्या पंचाण्णव वेळा बरोबर.

सैन्याला ही कल्पना आवडली. चष्मा फुटतो, त्यावर दव साचतं. या पट्टीला कॅमेरा नाही की बाहेर जाणारा संदेश नाही, म्हणून शत्रूला तिचा मागही लागत नाही. कृतिकाच्या बुबुळावरचा पडदा इतका पातळ होता की नंबर काढणाऱ्या लेसरवाल्यांनी आधीच हात टेकले होते. तेव्हा नवा नियम निघाला, की पट्टी वापरणाऱ्यांनी वैद्यकीय सवलतीसाठी अर्ज करावा, मंडळ तपासून ठरवेल. कृतिका सातव्या इयत्तेपासून रोज पहाटे पळत होती. सोळाशे मीटरला तालुक्यात तिच्या पुढे कोणी नव्हतं. लेखी झालं होतं, मैदानी झालं होतं. उरली होती ती फक्त ही सवलत.

"बाकीच्या पाच वेळांचं काय?" कर्नल म्हणाल्या. "त्या वेळी मेंदू आठवणीतलं काहीतरी काढून तिथे चिकटवतो. घालणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसतं. म्हणून आम्ही मधूनमधून कोरी कार्डं लावतो. पण इतकी अचूक ओळ कोऱ्या कार्डावर वाचणारी तू पहिलीच. ही ओळ असलेला तक्ता तू कुठे पाहिलास?"

कृतिकाच्या खडकेवाडीत तो कोणी पाहिला नव्हता?

सातारा जिल्ह्यातल्या त्या गावात दारावरच्या पाटीवर नावाआधी हुद्दा असतो. कुणा हवालदाराने फार वर्षांपूर्वी असा एक तक्ता आणून तालमीच्या भिंतीला टांगला, आणि तेव्हापासून भरतीला जाणारं प्रत्येक पोर तो पाठ करूनच जातं. याला कोणी लबाडी म्हणत नाही. सूर्यनमस्कार घालायचे, जोर मारायचे, तक्ता पाठ करायचा. लहान मुली लपंडावात राज्य कुणावर ते ठरवायलासुद्धा आठवी ओळच म्हणतात. डी, के, एच, ओ, एन, झेड, ज्याच्यावर झेड येईल तो बाद. कृतिका बोलायला शिकली आणि पाठोपाठ ही ओळ शिकली.

ते ऐकून कर्नलनी कपाळाला हात लावला. "तीन आठवडे देते. त्यानंतर शेवटची तपासणी."

त्यानंतर आठवड्याभरात कृतिकाची भरतीची वयोमर्यादा संपत होती. म्हणजे ही खरोखरच शेवटची.

"मी काय करू, मॅडम?"

"रोज तासभर पट्टी काढून बस. आणि जमलं तर गावात फिरू नकोस. गाव तुला सगळं पाठ आहे."

आता खडकेवाडीच्या पोरीने गावात फिरायचं नाही तर कुठे फिरायचं? दुसऱ्या दिवशी सहाला ती नेहमीसारखी पळायला निघाली. तालमीच्या दाराशी संपतकाका खुर्ची टाकून बसले होते, हातात घड्याळ. संपतकाका म्हणजे आप्पांच्या पलटणीतले जिवलग मित्र. सुरुंगात उजवा पाय गुडघ्याखालून गेला, आणि तेव्हापासून कृत्रिम पायावर उभे राहून गावातल्या पोरांना भरतीसाठी तयार करतात. तिला पळायला शिकवलं ते त्यांनीच. "राम राम, काका!" ती ओरडली. काकांनी घड्याळाचा हात वर केला. तिला बरं वाटलं.

घरी येऊन ती आईला म्हणाली, "काकांनी वेळच सांगितली नाही आज."

"कोण काका?"

"संपतकाका गं."

आई चहा गाळता गाळता थांबली. "अगं, संपतभावजी कालपासून साताऱ्याला आहेत. नव्या पायाचं माप द्यायला."

ती तशीच उठून तालमीपाशी गेली. खुर्ची होती. तिच्या पाठीवर काकांची घोंगडी होती. बास. घड्याळ नव्हतं, हात नव्हता, काका नव्हते. तिने ती खुर्ची दोन्ही हातांनी धरून हलवली, आणि तिथेच पायरीवर बसली. मग गेल्या महिन्याभरात आपण काय काय पाहिलं? समोरच्या वेशीवर बसलेला तो कुत्रा खरा की आठवणीतला? विहिरीवरून हात हलवणारी बाई? बरं, पट्टी काढली तर दिसेल ते धुकं, आणि जुना चष्मा तर सरावाच्या शिबिरात कधीच जमा केलेला.

पुढचे दिवस असेच गेले. ती जेवताना भाजीला हात लावून बघायची. कोणी हाक मारली तर ओ द्यायच्या आधी जवळ जाऊन अंगाला स्पर्श करायची. "ह्या पोरीला झालंय तरी काय!" म्हणून आळीतल्या बायका हसायच्या, आणि तिला कोणाला काही सांगता यायचं नाही. सांगणार तरी काय? मला सगळं छान दिसतंय, हीच माझी तक्रार आहे, म्हणून?

एका दुपारी आप्पा बाहेरून आले आणि ओट्यावर तिच्या शेजारी बसले. सुभेदार भगवान जगदाळे, निवृत्त. भरदार चेहरा, काळी कुळकुळीत मिशी. तिच्या मनात एकाएकी पाल चुकचुकली. तिने पट्टी काढली आणि लहानपणी करायची तसं आपलं तोंड आप्पांच्या तोंडापाशी नेलं, चार बोटांवर.

मिशी पांढरी होती. पूर्ण पांढरी. गाल आत गेले होते, डोळ्यांखाली काळं पडलं होतं.

"काय गं? काय बघतीस?"

"मिशीचा कलप कधी सोडलात?"

"दोन महिनं झालं की. तुला दिसत न्हाई व्हय?" आप्पा हसले, पण हसू लगेच विरलं.

कृतिकाला रडूच फुटलं. दोन महिने रोज समोरासमोर जेवत होतो आपण! माणूस झिजत चालला होता आणि ती आपली जुना फोटो बघत बसली होती.

"आगं रडतीस कशाला? तुझ्या अर्जापायी जिवाला घोर लागलाय, दुसरं काय न्हाई मला." आप्पांनी खिशातून घडी केलेला कागद काढला आणि आवाज खाली आणला. "हे घे. आता सगळं नीट हुईल."

"काय आहे?"

"कार्डांचा क्रम. वीस कार्डं. कुठलं कोरं, कुठल्यावर काय, सगळं हाय. तिथं काम करणारा एकजण ओळखीचा निघाला. पाठ करून टाक."

तिचा हात पट्टीकडे गेला आणि थांबला. पट्टी लावून बघितलं, तर त्या कागदावर जे असेल ते दिसेल की तिला जे हवंय ते? तिने पट्टी लावलीच नाही. समोर नुसता पांढरा डाग दिसत होता.

"आप्पा, हे पाठ केलं तर ते मला दिसेल. खरोखर दिसेल. मग मी खरं बघतेय की नाही ते मलाच कळणार नाही."

"मग दिसू दे की! पास झाल्याशी मतलब. आम्ही काय केलं? आम्हीबी पाठ करूनच..."

ओट्यापलीकडे कोंबड्या माती उकरत होत्या. कृतिकाला बापाचा चेहरा दिसत नव्हता, फक्त श्वास ऐकू येत होता.

"तुमचा नंबर किती होता?"

"उणे तीन. भरती झालो तवा. पुढं चाळिशीचा म्हणून चष्मा लावला, कुणाला संशय आला न्हाई."

"आणि तोपर्यंत? चौकीवर?"

आप्पा बोलले ते तिच्याशी की स्वतःशी, कोण जाणे.

"एकोणतीस वर्षं झाली. डोंगरातली चौकी. रात्री पाऊस झोडपून गेलेला. उजाडताना मी पहाऱ्यावर, आन संपत पाणी घेऊन खालनं येत होता. वाटंला लागून सुरुंग पेरलेले, आन कडंला लाल झेंडी. संपतनं खालनं विचारलं, झेंडी जागंवर हाय का? मी बघितलं. मला दिसली, कृती. शप्पत सांगतो, दिसली. मी म्हटलं, हाय जागंवर, डावीकडनं ये." आप्पांनी घसा खाकरला. "पावसानं झेंडी रात्रीच वाहून गेलेली, आन सुरुंगबी सरकून डावीकडं आलेलं. रोज बघत होतो ना तिथं. मला ती दिसली का आठवली, ते आजतागायत कळलं न्हाई."

"काकांना माहितीये?"

"न्हाई. त्यो म्हणतो, भगवाननं उचलून चार मैल नेलं म्हणून वाचलो. रोज म्हणतो. येतो, चहा पितो आन म्हणतो."

कृतिकाला राग आला, कीव आली, आणि लगेच दोन्हीची लाजही वाटली. काका रोज पहाटे खुर्ची टाकून तिची वेळ मोजत होते. कोणत्या पायाने तिथवर येऊन? आणि शेजारी बसलेला हा म्हातारा खोटारडा म्हणावा, तर त्याला झेंडी खरंच दिसली होती. तिला आठवी ओळ दिसली तशीच. त्याच्या डोक्याला तर पट्टीही नव्हती. तिला काही म्हणजे काही उमगेना. तिने चाचपून कागद उचलला, होता तसाच घडी करून आप्पांच्या खिशात परत ठेवला आणि आत निघून गेली. परत जायच्या दिवसापर्यंत बापलेक एकमेकांशी धड बोलले नाहीत.

शेवटच्या तपासणीला कर्नल नागावकरांनी एकेक करून वीस कार्डं लावली. पहिल्यावर अक्षरं ठसठशीत होती. कृतिका तोंड उघडणार, तोच तिला तालमीतली रिकामी खुर्ची आठवली.

"मला अक्षरं दिसताहेत, मॅडम. पण ती माझ्या गावच्या तक्त्यासारखी आहेत. खात्री नाही."

"पुढचं."

"हे नवं आहे. टी, व्ही, आर. खात्री आहे."

"पुढचं."

असं वीस वेळा झालं. नऊ वेळा ती म्हणाली, खात्री नाही. पळण्यात पहिली आलेली मुलगी जे विचारलं त्याला सारखी खात्री नाही, खात्री नाही म्हणतेय! हिला कोण घेणार?

कर्नलनी पेन उचलून काहीतरी लिहिलं, मग समोरचे कागद सारखे करून त्यातला एक टेबलावरून तिच्याकडे सरकवला. "हा मंडळाचा निकाल."

टेबलाच्या पलीकडूनच तिने वाचला. वर राजमुद्रा, खाली तिचं नाव, आणि मधोमध लाल शाईत मोठ्या अक्षरात 'नामंजूर'. शिक्कासुद्धा होता, एका कडेला किंचित फिसकटलेला. संपलं. सात वर्षांच्या पहाटा संपल्या. तिला वाटलं, खाडकन सलाम ठोकावा आणि रडू यायच्या आत बाहेर पडावं. ती उठलीसुद्धा.

मग खाली बसली. मानेमागे हात नेऊन पट्टी काढली, कागद उचलला आणि नाकाशी धरला. उलटा केला. पुन्हा सुलटा केला.

"मॅडम, हा कागद कोरा आहे."

"तुला काय दिसलं होतं?"

"नामंजूर. शिक्क्यासकट."

कर्नल नागावकर पहिल्यांदाच हसल्या. "पट्टी लावलेल्या एकतीस जणांना मी असा कागद दिला. काहीजण मंजूर वाचून नाचत गेले, काहीजण नामंजूर वाचून रडत गेले. त्यांना परत बोलवावं लागलं. एकानेही जवळ धरून बघितला नाही." त्यांनी हात पुढे केला. "आण इकडे. आता लिहिते."

पेनची करकर बराच वेळ चालली. कागद परत आला तेव्हा कृतिकाने पट्टी लावलीच नाही. तो नाकाशी धरून ती शब्द न् शब्द वाचत गेली, आणि शेवटच्या ओळीवर थबकली. मग तीच ओळ तिने पुन्हा वाचली.

बाहेर आल्यावर तिने घरी फोन लावला. पहिली रिंग पुरी व्हायच्या आत आप्पांनी उचलला.

"काय झालं?"

"सवलत मिळाली, आप्पा."

पलीकडून नुसताच हुंदका आला. मग, "आगं, मग असं का बोलतीस?"

"अट घातलीय. वाचून दाखवते." तिने कागद पुन्हा डोळ्यांपाशी नेला. "'उमेदवारास एकट्याने पहाऱ्यावर ठेवू नये. शेजारी दुसरे डोळे असावेत, आणि खात्री नसेल तेव्हा उमेदवाराने तसे मोठ्याने सांगावे.'"

कृतिकाला वाटलं फोन तुटला.

"आप्पा?"

"एवढंच करायचं हुतं," आप्पा म्हणाले. "एवढंच तर हुतं. मोठ्यानं सांगायचं." मग फाटकाची कडी वाजली.

"कुठे निघालात?"

"संपतकडं."

"थांबा. मी पाचच्या एसटीने पोचते. दोघं जाऊ."

"मी सांगतो माझं मी."

"तुम्हीच सांगा. मी नुसती शेजारी उभी राहते."

आप्पांनी होकार दिला की नाही, ते तिला कळलं नाही. फोन ठेवला गेला होता.

एसटी फाट्याला थांबली तेव्हा उन्हं कलली होती. ती उतरली, आणि वडाखाली आप्पा उभे दिसले. हात मागे बांधलेले, भरदार चेहरा, काळी कुळकुळीत मिशी. तिने पट्टी काढून पिशवीत टाकली. वडही गेला आणि आप्पाही गेले, राहिला एक उभा करडा ठिपका. ती त्या ठिपक्याच्या दिशेने चालत राहिली. दहा पावलं, वीस पावलं, मग हात पुढे करून थोडी आणखी. हाताला सदरा लागला. तिने तोंड जवळ नेलं, चार बोटांवर.

मिशी पांढरी होती.

"चला," ती म्हणाली, आणि आप्पांचा हात धरून संपतकाकांच्या घराकडे निघाली.